रक्ताची गुठळी आणि तिच्यावरची औषधं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या आईच्या हृदयात धातूची झडप होती. रात्री घर शांत झालं की तिच्या छातीतली टिकटिक शेजारी झोपणाऱ्याला ऐकू यायची. तिच्या उशाशी एक छोटी डायरी असायची. डावीकडे तारीख, मधे आयएनआर, म्हणजे रक्त किती वेळात गोठतं त्याचा आकडा, उजवीकडे गोळीचा डोस: 'सोम-बुध-शुक्र २, बाकी ३'. ती डायरी चाळता चाळताच मी या विषयात शिरले. आता फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते. नातेवाईक, शेजारी, विद्यार्थ्यांचे पालक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. औषध सुरू करायचं, थांबवायचं की डोस बदलायचा, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यांनी ते तसं का ठरवलं, हे तुम्हाला कळावं म्हणून हा खटाटोप.

रक्त गोठणं चांगलं की वाईट?

विळीवर बोट कापलं आणि रक्त थांबलंच नाही, तर माणूस जगणार कसा? गोठणं ही रक्ताची गरज आहे. जखम झाली की आधी प्लेटलेट, म्हणजे रक्तातल्या अगदी बारीक पेशी, तिथे धावतात आणि एकमेकींना चिकटून भोक बुजवतात. मग रक्तातली प्रथिनं एकामागून एक जागी होतात आणि शेवटी थ्रॉम्बिन तयार होतं. पातेलंभर दुधाला चमचाभर विरजण पुरतं, तसं थोडंसं थ्रॉम्बिन रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे धागे, म्हणजे फायब्रिन, करून टाकतं. त्या धाग्यांच्या जाळीत रक्तपेशी अडकल्या की गुठळी झाली. जखम भरली की प्लास्मिन नावाचं विकर ही जाळी कुरतडून साफ करतं.

हेच सगळं जखम नसताना, रक्तवाहिनीच्या आत घडलं की आजार होतो. मात्र दोन्ही गुठळ्यांची सामग्री जवळजवळ एकच असते. त्यामुळे वाईट गुठळी रोखणारं औषध चांगली गुठळीही रोखतं आणि रक्तस्राव होतो. या औषधांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे या पेचातून वाट काढण्याची धडपड आहे. खालची बहुतेक उत्तरं फिरून तिथेच येतील.

काही कारण नसताना गुठळी कशी होते?

कारण असतंच, फक्त ते दिसत नाही. जर्मन वैद्यक रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५६ मध्ये जे लिहिलं, त्यावर आधारलेली तीन कारणं आजही वर्गात शिकवली जातात: रक्त साचून राहणं, रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताची गोठण्याची वृत्ती वाढणं. खुब्याच्या ऑपरेशननंतर पलंगावर पडून असलेल्या माणसात तिन्ही एकत्र येतात. कर्करोग, बाळंतपण, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या, तंबाखू, काही आनुवंशिक दोष यांतलं प्रत्येक यापैकी कुठल्या ना कुठल्या खणात बसतं.

धमनीतली गुठळी आणि शिरेतली गुठळी यांत फरक आहे. धमनीत रक्ताला जोर असतो, तिथली गुठळी मुख्यतः प्लेटलेटची असते आणि फुटलेल्या चरबीच्या थरावर बसते. शिरेत रक्त संथ असतं, तिथली गुठळी फायब्रिन आणि लाल पेशींची असते. म्हणून हार्ट ॲटॅकनंतर प्लेटलेटवर काम करणारी गोळी मिळते आणि पायातल्या गुठळीला गोठण्याची साखळी तोडणारी.

गुठळी पायात आणि दम छातीत, हे कसं?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथे माणसं दिवस वाया घालवतात. पोटरी दुखते, एकच पाय सुजतो. बाम चोळला जातो, 'उसण भरली असेल' म्हणून गरम पाण्याचा शेक दिला जातो. आत खोल शिरेत गुठळी लांबत असते. तिचा तुकडा सुटला की तो रक्ताबरोबर वर जातो, पोटातल्या मोठ्या शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला पोचतो आणि तिथून फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकतो.

आता हृदयाचं काय होतं ते पाहा. उजवा कप्पा पातळ भिंतीचा असतो. फुप्फुसाकडे रक्त ढकलायला त्याला फारसा दाब लागत नाही, त्यामुळे जोर लावायची त्याला सवयच नसते. समोरची वाट अचानक बुजली की तो फुगतो. गुठळीतल्या प्लेटलेटमधून बाहेर पडणारी रसायनं उरलेल्या वाहिन्याही आवळतात, म्हणजे वाट आणखी अरुंद. फुगलेला उजवा कप्पा मधल्या पडद्याला डावीकडे रेटतो. डाव्या कप्प्याकडे रक्तच कमी येतं, तर तो शरीराला काय पुरवणार? रक्तदाब घसरतो, माणूस चक्कर येऊन पडतो. बऱ्याचदा फुप्फुसातल्या गुठळीचा मृत्यू हा श्वास कोंडल्यापेक्षा उजवं हृदय हरल्यामुळे होतो. एक पाय सुजलेला असताना अचानक धाप लागली, छातीत कळ आली किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

वाचल्यानंतरही काहींचा त्रास उरतो. थोड्या रुग्णांत फुप्फुसातली गुठळी विरघळत नाही, तिचा व्रण होऊन वाहिनीला आतून चिकटतो आणि फुप्फुसातला दाब कायमचा वाढतो. अशा व्रणांवर शस्त्रक्रिया हा मुख्य इलाज. ज्यांची शस्त्रक्रिया होऊ शकत नाही त्यांच्यासाठी रिओसिग्वाट हे औषध २०१३ मध्ये मंजूर झालं. ते गुठळीला हात लावत नाही, वाहिन्या सैल करतं. पायाच्या बाबतीत शिरेतल्या झडपा खराब होतात. मग पाय संध्याकाळी जड होतो, घोट्यापाशी कातडी काळवंडते, जखम झाली तर महिनोन्महिने भरत नाही.

'रक्त पातळ करणारी' गोळी गुठळी विरघळवते का?

नाही. आणि रक्त पातळही करत नाही, ते होतं तेवढंच दाट राहतं. ही गोळी गोठण्याच्या साखळीतली एखादी कडी निकामी करते, त्यामुळे असलेली गुठळी वाढत नाही आणि नवी होत नाही. असलेली गुठळी शरीर स्वतःच, आठवड्या-महिन्यांनी, हळूहळू विरघळवतं. 'पंधरा दिवस झाले, सूज उतरली, आता गोळी कशाला?' असं म्हणून ती बंद करणाऱ्यांची गुठळी पुन्हा होते ती याचमुळे. पायातल्या गुठळीला साधारण तीन महिने तरी औषध लागतं, काहींना सहा महिने, काहींना जन्मभर.

गुठळी खरोखर विरघळवणारी औषधं वेगळी, ती शिरेतून देतात. त्यांच्याकडे पुढे येतेच.

हॉस्पिटलमध्ये पोटाच्या कातडीत जे इंजेक्शन देतात ते काय असतं?

बहुधा हेपॅरिनचा धाकटा भाऊ, म्हणजे कमी वजनाचं हेपॅरिन. मूळ हेपॅरिनचा माग १९१६ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लागला. जे मॅक्लीन हा वैद्यकीय विद्यार्थी प्राध्यापक विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत रक्त गोठवणारे पदार्थ शोधत होता. हाती लागलं ते गोठू न देणारं. यकृतापासून मिळालं म्हणून ग्रीक शब्दावरून हेपॅरिन असं नाव पडलं. माणसाला देण्याइतकं शुद्ध हेपॅरिन तयार व्हायला १९३० चं दशक उजाडलं. टोरांटोत चार्ल्स बेस्ट यांच्या चमूने ते काम केलं. इन्सुलिनच्या शोधातले बेस्ट तेच.

ते उपयोगी आहे याचा नेटका पुरावा मिळायला १९६० साल यावं लागलं. इंग्लंडमध्ये बॅरिट आणि जॉर्डन या दोघांनी फुप्फुसात गुठळी झालेले रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. उपचार न मिळालेल्या १९ पैकी ५ जण फुप्फुसातल्या गुठळीने गेले आणि आणखी ५ जणांना पुन्हा गुठळी झाली. उपचार मिळालेल्या १६ पैकी त्या कारणाने एकही दगावला नाही. एवढ्या फरकानंतर कुणाला औषधाविना ठेवणं त्यांना योग्य वाटलं नाही आणि तुलना थांबली. अवघ्या ३५ माणसांच्या या अभ्यासावर पुढची कितीतरी वर्षं जगभरचे उपचार उभे राहिले. त्यात हेपॅरिनच्या जोडीला दिलेली गोळी होती निकुमालोन. तिचंच दुसरं नाव ॲसिनोकुमारॉल. माझ्या आईच्या डायरीतली गोळी हीच, आणि आपल्याकडच्या अनेक झडपवाल्या रुग्णांच्या डब्यातलीही.

शाकाहारी घरांतून विचारलं जातं म्हणून सांगते: हेपॅरिन आजही मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. त्याला अडचण असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. फोंडापॅरिनक्स हे पूर्णपणे प्रयोगशाळेत बनवलेलं औषध काही रुग्णांना चालतं.

वॉरफरिन म्हणजे उंदीर मारायचं औषध ना? ते माणसाला कसं देतात?

दोन्ही खरं आहे, आणि त्याची कथा गोठ्यातून सुरू होते. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेतल्या शेतकऱ्यांची गुरं रक्तस्रावाने मरू लागली. शिंगं कापली, खच्ची केलं, एवढ्याशा जखमेने जनावर जायचं. कारण निघालं वैरणीत: दमट हवेत बुरशी लागलेलं स्वीट क्लोव्हर नावाचं गवत.

फेब्रुवारी १९३३. विस्कॉन्सिनमधला एड कार्लसन हा शेतकरी हिमवादळात गाडी हाकत मॅडिसनला आला. गाडीत मेलेली कालवड, सडलेल्या गवताचा भारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त. शनिवार होता, पशुवैद्यकाचं ऑफिस बंद. उघडं दार सापडलं ते रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांचं. 'ही वैरण देऊ नका' यापलीकडे लिंक त्याला काहीच देऊ शकले नाहीत. भर थंडीत दुसरी वैरण तो आणणार कुठून? तो रिकाम्या हाताने परतला. ते रक्त मात्र मागे राहिलं आणि लिंक यांची माणसं कामाला लागली. सहा वर्षांनी, १९३९ मध्ये, गवतातल्या त्या विषाचे स्फटिक हाती आले: डायकुमारॉल.

त्याच घराण्यातलं जास्त जहाल रसायन १९४८ मध्ये उंदरांसाठी बाजारात आलं. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या विस्कॉन्सिनच्या संस्थेची इंग्रजी आद्याक्षरं होती 'वॉर्फ', त्यावरून वॉरफरिन. १९५१ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एका तरुणाने ते जीव द्यायला खाल्लं, आणि तो व्हिटॅमिन के आणि रक्त देऊन वाचला. तेव्हा लक्षात आलं की याला उतारा आहे, म्हणजे माणसाला देता येईल. १९५४ मध्ये ते माणसांसाठी मंजूर झालं, आणि पुढच्या वर्षी हार्ट ॲटॅक आलेल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही मिळालं. विष आणि औषध यांत इथे फरक आहे तो मात्रेचा. ती मात्रा मोजायची सोय म्हणजे आयएनआर.

आयएनआर म्हणजे काय? पालेभाजी बंद करायची का?

रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा हा आकडा. काही औषध न घेणाऱ्याचा साधारण १ येतो. पूर्वी प्रत्येक लॅबचं रसायन वेगळं, त्यामुळे एकाच रक्ताचे आकडे वेगळे यायचे आणि डोस चुकायचा. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये सगळ्यांना एका मापात आणलं. पायातल्या गुठळीसाठी बहुधा २ ते ३ ठेवतात. आईची झडप मायट्रल जागची, म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली, म्हणून तिचा २.५ ते ३.५.

गोठवणारी प्रथिनं बनवायला शरीराला व्हिटॅमिन के लागतं. वॉरफरिन आणि ॲसिनोकुमारॉल त्याचा वापर अडवतात, आणि पालेभाज्यांत ते भरपूर असतं. आईच्या डायरीत दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत आकडा खाली उतरलेला दिसतो. थंडीत मेथीच्या जुड्या स्वस्त झाल्या की घरात रोज मेथी: भाजी, थेपले, मुटके. एकदा तो १.७ वर आला आणि आम्ही सगळे घाबरलो. तिला पालेभाजी बंद करा म्हणून सांगणारे पुष्कळ भेटले. ते चूक आहे. जेवढी खाता तेवढी नेहमी खा, अचानक वाढवू नका, अचानक सोडू नका. उपासाच्या महिन्यात जेवण बदलणार असेल तर तपासणी लवकर करून घ्या.

भाजीपेक्षा दुसरी औषधं जास्त घात करतात. जुलाबावर मेट्रोनिडाझोल घेतलं की आकडा वर उडतो. टीबीचं रिफाम्पिसिन सुरू झालं की खाली कोसळतो, आणि ते संपल्यावर जुनाच वाढवलेला डोस चालू राहिला तर रक्तस्राव होतो. अंगदुखीवर मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन पोटात अल्सर करते, आणि तो वाहायला लागला की थांबत नाही. कुठलीही नवी गोळी, काढा, चूर्ण घेण्याआधी 'मी रक्त पातळ व्हायची गोळी घेते' हे वाक्य म्हणायची सवय लावा.

नव्या गोळ्यांना तपासणी लागत नाही म्हणतात, खरं का?

आयएनआर लागत नाही, हे खरं. मूत्रपिंडाची तपासणी मात्र अधूनमधून लागते. या गोळ्यांची कथा जळवेपासून सुरू होते.

जळवा लावून रक्त काढणं आपल्या आयुर्वेदाला नवं नाही, सुश्रुताने त्याचा सविस्तर विधी सांगितला आहे. जळू चिकटली की तिथलं रक्त गोठत नाही. का, याचं उत्तर १८८४ मध्ये जॉन हेक्राफ्ट यांना जळवेच्या लाळेत मिळालं, त्या द्रव्याला पुढे हिरुडिन म्हणू लागले. ते थेट थ्रॉम्बिनला धरून ठेवतं. साखळीतली एकच कडी थेट पकडायची, हा विचार त्यातून मिळाला. मग गोळीच्या रूपात तसं काही बनवायची शर्यत लागली. पहिली गोळी, झायमेलागाट्रान, युरोपात आली आणि यकृताला इजा होते म्हणून २००६ मध्ये मागे घ्यावी लागली. त्यानंतर डॅबिगाट्रान आलं, ते थ्रॉम्बिनवरच काम करतं. रिव्हारोक्साबॅन आणि एपिक्साबॅन एक पायरी आधी, दहाव्या घटकावर, म्हणजे साखळीतल्या दहाव्या क्रमांकाच्या प्रथिनावर. त्याचं शास्त्रीय नाव 'एक्सए', आणि दोन्ही औषधांच्या नावातला 'क्सा' तिथूनच आला आहे. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की ते कधी विसरत नाहीत.

हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या १८,२०१ रुग्णांवर एपिक्साबॅन आणि वॉरफरिनची तुलना २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. एपिक्साबॅनच्या गटात पक्षाघात किंवा गुठळी २१ टक्क्यांनी कमी, मोठा रक्तस्राव ३१ टक्क्यांनी कमी. अशा निकालांमुळे अनेक रुग्णांसाठी या गोळ्या आता पहिली निवड आहेत. डॅबिगाट्रान २०२२ मध्ये आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतही आलं. एक जोखीम मात्र जपा: या गोळ्यांचा परिणाम दिवसभरात उतरतो. दोन वेळा विसरलात की संरक्षण गेलं.

मग आमच्या आईला नवी गोळी का देत नाहीत?

धातूची झडप असेल तर डॉक्टर बरोबर करत आहेत. डॅबिगाट्रान अशा झडपवाल्यांना देऊन पाहिलं होतं. गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, म्हणून ती चाचणी मधेच बंद करावी लागली. निकाल २०१३ मध्ये आला.

दुसरी गोष्ट आपल्या देशाच्या जास्त जवळची. लहानपणी घसा सुजतो, मग सांधे, आणि त्या ऱ्हुमॅटिक तापात हृदयाची झडप आखडते. श्रीमंत देशांतून हा आजार जवळपास गेला, आपल्याकडे राहिला. नव्या गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांत असे रुग्ण घेतलेच नव्हते. 'त्यांनाही चालत असेल' असं सगळ्यांना वाटायचं. शेवटी २४ देशांत चाचणी झाली, भारतीय रुग्णही त्यात होते. २०२२ मध्ये निकाल आला तो उलटा: पक्षाघात, गुठळी, हार्ट ॲटॅक किंवा मृत्यू यांपैकी काही ना काही रिव्हारोक्साबॅनच्या २,२७५ पैकी ५६० जणांना झालं, जुन्या गोळ्यांच्या २,२५६ पैकी ४४६ जणांना. जुनी, कटकटीची, महिन्याच्या महिन्याला सुई टोचायला लावणारी गोळी जास्त माणसं वाचवत होती. आपल्या आजाराचा अभ्यास आपल्या रुग्णांवरच झाला पाहिजे, असं मी दरवर्षी वर्गात तळमळीने सांगते ते या आकड्यांमुळे.

ॲस्पिरिनने भागणार नाही का?

धमनीच्या गुठळीला भागतं, बऱ्याच अंशी. ॲस्पिरिन प्लेटलेटमधलं थ्रॉम्बॉक्सेन, म्हणजे त्यांना एकमेकींना चिकटायला लावणारं रसायन, बंद पाडतं. अनियमित ठोक्यांमुळे हृदयात होणाऱ्या गुठळीला मात्र ते तोकडं पडतं. एका चाचणीत ॲस्पिरिन घेणाऱ्यांत वर्षाला ३.७ टक्के आणि एपिक्साबॅन घेणाऱ्यांत १.६ टक्के लोकांना पक्षाघात किंवा गुठळी झाली, आणि मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखाच होता. 'ॲस्पिरिन सौम्य, म्हणून सुरक्षित' हा समज त्यात टिकला नाही.

हार्ट ॲटॅकमध्ये देतात ते 'गुठळी फोडायचं' इंजेक्शन कोणतं?

सगळ्यात जुनं स्ट्रेप्टोकायनेज. १९३३ मध्ये विल्यम टिलेट यांना दिसलं की घसा दुखवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकाय जंतूंमध्ये गुठळी विरघळवणारं काहीतरी आहे. ते शरीरातल्या प्लास्मिनला जागं करतं आणि प्लास्मिन जाळी कुरतडतं. त्याची किंमत कळायला अर्धं शतक गेलं. १९८६ मध्ये इटलीतल्या अकरा हजारांहून जास्त रुग्णांच्या चाचणीत मृत्यूचं प्रमाण १३ टक्क्यांवरून १०.७ वर आलं. ज्यांना त्रास सुरू झाल्यापासून तासाभरात औषध मिळालं त्यांच्यात ते जवळजवळ निम्म्यावर आलं. १९८८ मध्ये १७,१८७ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीने दाखवलं की स्ट्रेप्टोकायनेज आणि साधं ॲस्पिरिन एकत्र दिलं तर पाच आठवड्यांतले मृत्यू १३.२ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर येतात.

आपल्याकडे परदेशी इंजेक्शन फार महाग पडायचं. चंदीगडच्या इन्स्टिट्यूट ऑफ मायक्रोबियल टेक्नॉलॉजी या सरकारी संस्थेत गिरीश साहनी यांच्या चमूने स्ट्रेप्टोकायनेज बनवायचं देशी तंत्र तयार केलं आणि ते भारतीय कंपनीला दिलं. एक मर्यादा आहे: ते जंतूचं प्रथिन असल्याने शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. एकदा दिलं की पुन्हा सहसा देत नाहीत. म्हणून डिस्चार्ज कार्डावर औषधाचं नाव आहे का ते बघा आणि ते कार्ड जपून ठेवा.

लकव्याचा झटका आल्यावर किती वेळ हातात असतो?

साडेचार तास, आणि त्यातला प्रत्येक मिनिट मोलाचा. इथे टीपीए हे औषध लागतं. हे आपल्या शरीरातच थोडं थोडं असतं. बेल्जियममधल्या लूव्हेनच्या देझिरे कोलेन आणि सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या एका पेशीवंशातून ते वेगळं केलं आणि अमेरिकेतल्या जेनेनटेकने त्याचं जनुक वापरून ते बनवलं. १९८७ मध्ये ते हार्ट ॲटॅकसाठी मंजूर झालं. पक्षाघातावरची निर्णायक चाचणी १९९५ ची. ६२४ रुग्ण, तीन तासांच्या आत औषध. तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण बरे असण्याची शक्यता निदान ३० टक्क्यांनी वाढली. पण त्रास देणारा मेंदूतला रक्तस्राव ०.६ टक्क्यांवरून ६.४ वर गेला. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली.

म्हणून आधी सीटी स्कॅन. पक्षाघात रक्तस्रावाने झाला असेल तर हे औषध जीव घेईल, आणि बाहेरून बघून ते कुणालाच सांगता येत नाही. घरातल्यांनी एकच प्रश्न चोख लक्षात ठेवायचा: 'शेवटचं चांगलं कधी पाहिलं?' रात्री दहाला झोपले आणि सकाळी सहाला तोंड वाकडं दिसलं, तर घड्याळ दहापासून धरतात. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं यांतलं काहीही दिसलं तर तेल लावत, मंतरायला नेत, साखर-पाणी पाजत बसू नका. सीटी स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल कुठलं, हे आजच माहीत करून ठेवा.

टेनेक्टेप्लेज हे टीपीएचंच सुधारलेलं रूप. टीपीए तासभर ठिबकत द्यावं लागतं, हे एका झटक्यात देता येतं. पुण्याची जेनोव्हा कंपनी ते बनवते. अत्यावश्यक औषध यादीत तेही २०२२ मध्ये आलं.

एवढं चांगलं आहे तर प्रत्येक गुठळीला का देत नाहीत?

दिल्याने भलं होतंच असं नाही म्हणून. फुप्फुसात गुठळी आहे, उजवं हृदय ताणलंय, पण रक्तदाब टिकून आहे, अशा सुमारे हजार रुग्णांची चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. टेनेक्टेप्लेजने मृत्यू किंवा रक्तदाब कोसळणं ५.६ टक्क्यांवरून २.६ वर आणलं. त्याच वेळी रक्तस्रावी पक्षाघात ०.२ वरून २ टक्क्यांवर नेला. एका हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने काढून घेतलं. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला ते द्यावंच लागतं. बाकीच्यांना हेपॅरिन देऊन डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात.

पायाचंही तेच. नळी घालून औषधाने गुठळी काढली तर पुढचा सुजेचा त्रास टळेल, असं सगळ्यांनाच वाटत होतं. ६९२ रुग्णांच्या २०१७ च्या चाचणीत तो त्रास ४७ टक्क्यांना झाला, नुसत्या नेहमीच्या औषधांवर ४८ टक्क्यांना. 'गुठळी तशीच ठेवली' म्हणून डॉक्टरांवर चिडण्याआधी हे आकडे आठवा.

गोळीने रक्तस्राव झाला तर उतारा आहे का?

आहे. वॉरफरिनच्या गोळ्यांना व्हिटॅमिन के आणि गोठण्याचे तयार घटक. हेपॅरिनला प्रोटामिन. डॅबिगाट्रानला इडारुसिझुमॅब. काळी शी, लाल लघवी, डोक्याला मार किंवा न थांबणारा घोळणा यातलं काहीही झालं तर घरी बसू नका. दात काढायचा असेल तर गोळी स्वतःहून बंद करू नका, दातांच्या डॉक्टरांना आधी सांगा.

पाळी पुढे ढकलायच्या गोळीने गुठळी होते का?

होऊ शकते. गौरी-गणपती, लग्न, यात्रा आली की मेडिकलमधून ही गोळी कागदाशिवाय आणली जाते. तिच्यात बहुधा नॉरएथिस्टेरोन असतं, आणि मोठ्या डोसमध्ये त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनच्या जातीत बदलतो. निरोगी मुलीला धोका कमीच. पण स्वतःला किंवा आई-बहिणीला कधी गुठळी झाली असेल, वजन जास्त असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. सासूबाईंना देवाच्या कार्याची अडचण वाटली तरी जीव मोठा. मला हे स्पष्ट लिहायचंच होतं.

गरोदरपणात वॉरफरिन वार ओलांडून बाळापर्यंत जातं आणि इजा करू शकतं. हेपॅरिनचा रेणू मोठा, तो पलीकडे जात नाही, म्हणून बहुतेक वेळा इंजेक्शनं असतात. झडप असलेल्या बाईने दिवस राहण्याआधीच हृदयाच्या डॉक्टरांना भेटायचं.

लसूण, हळद, नाटोकायनेज (आंबवलेल्या सोयाबीनमधलं विकर) यांनी गुठळी जाते का?

फोडणीतला लसूण आणि भाजीतली हळद बिनघोर खा. कॅप्सूलमधले अर्क या गोळ्यांबरोबर घेऊ नका. झालेल्या गुठळीवर यांतलं एकही औषध नव्हे.

पुढे काय येतंय?

ज्याची मला मनापासून आशा आहे ते: अकराव्या घटकावरची औषधं. काही माणसांत हा घटक जन्मतःच कमी असतो. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांत हे जास्त दिसतं. त्यांना सहसा आपोआप रक्तस्राव होत नाही, आणि पायातल्या गुठळ्या व पक्षाघात कमी होतात. म्हणजे जखमेवरची गुठळी आणि वाहिनीतली गुठळी यांत फरक करणारी कडी निसर्गानेच दाखवून ठेवली आहे. गुडघा बदललेल्या रुग्णांत २०१५ मध्ये हा घटक घटवणाऱ्या औषधाच्या मोठ्या डोसने गुठळ्यांचं प्रमाण ४ टक्के राहिलं, नेहमीच्या एनोक्सापॅरिन या कमी वजनाच्या हेपॅरिनने ३० टक्के. महिन्यातून एकदा टोचायचं ॲबेलासिमॅब रिव्हारोक्साबॅनपेक्षा इतका कमी रक्तस्राव करत होतं की ती चाचणी २०२३ मध्ये आधीच थांबवली.

त्याच वर्षी धक्काही बसला. असुंडेक्सियान ही गोळी अनियमित ठोक्यांच्या चौदा हजारांहून जास्त रुग्णांत एपिक्साबॅनशी ताडून पाहिली. पक्षाघात किंवा गुठळी १.३ टक्के विरुद्ध ०.४ टक्के, आणि चाचणी बंद. रक्तस्राव कमी होता, पण राखणही कमी पडली. कोणत्या आजाराला हा घटक अडवून भागतं आणि कोणत्या नाही, याचा शोध अजून चालू आहे.

आम्हाला अशा चाचणीत भाग घ्यायला सांगितलं तर?

घाबरून नाही म्हणू नका, आणि भिडेने हो म्हणू नका. चाचणी भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेली असलीच पाहिजे, २००९ पासून ते सक्तीचं आहे. तिचा क्रमांक मागा. माहितीपत्रक मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, ज्यांचं ऐकता त्यांना दाखवा. विचारा: मला नवं औषध मिळालं नाही तर काय मिळेल? रक्तस्राव झाला तर रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा? इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार? मधेच बाहेर पडलात तरी तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. सही किंवा अंगठा केल्यावर संमतीपत्राची एक प्रत तुमचीच असते. ती आयएनआरच्या डायरीत घालून ठेवा.